मिशोबाईंची दुरुस्ती

ओडेट मिशो निवडून आली ती बसच्या जोरावर. पक्षाचं काम, जाहीरनामा, भाषणं यातलं काहीच तिच्या गाठीला नव्हतं. सेंट बर्टील आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर शाळेची पिवळी बस तिने इतकी वर्षं हाकली होती की निम्म्या मतदारांना तिने कधी ना कधी "खाली बस, नाहीतर इथेच उतरवीन" असं दरडावलेलं होतं. जुन्या आमदारांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. चर्चच्या तळघरात शनिवारच्या बीन्सच्या जेवणाला कुणीतरी गमतीत ओडेटचं नाव काढलं. गंमत वाढत गेली आणि नोव्हेंबरात ती निवडून आली. नवरा रेजिनाल्ड म्हणाला, "बरं झालं. त्या राजधानीतल्या लोकांनाही एकदा जागेवर बसायला शिकव."

राजधानीत मात्र तिची पार तारांबळ उडाली. आमच्या राज्यात आमदारकी हा पोटापाण्याचा धंदा नाही. शेवंड पकडणारे, शिक्षक, विमा विकणारे, निवृत्त पोस्टमन असली माणसं हिवाळ्यात जमतात, कायदे करतात आणि बर्फ वितळला की आपापल्या कामाला लागतात. आमदाराला ना खोली मिळते, ना चिटणीस. सभागृहातलं एक बाक आणि कोट अडकवायला खुंटी, एवढाच त्याचा संसार. त्या बाकावर रोज सकाळी विधेयकांचा हा एवढाला गठ्ठा येऊन पडतो. तो वाचायचा कुणी आणि समजावून सांगायचा कुणी? ही जी रिकामी जागा आहे, तिथेच लॉबीवाले, म्हणजे कंपन्यांची पगारी माणसं, राहतात. लोकांना वाटतं की ते पाकिटं वाटत हिंडतात. छे! ते मदत करतात. पाकीट निदान परत तरी करता येतं.

पहिल्याच दिवशी ओडेट कॉरिडॉरमध्ये हरवल्यासारखी उभी होती, तेव्हा एक चांगल्या कोटातला, कानशिलं पिकू लागलेला माणूस समोर आला.

"मिशोबाई! ओळखलंत का?"

तिने डोळे बारीक केले. "टोबी गेरेट? मागच्या सीटवरून संत्र्याची सालं फेकायचास तो?"

"तोच. आता सालं फेकत नाही, कायद्यांच्या मसुद्यात डोकं घालतो."

सेंट बर्टीलचा पोरगा, आपल्याच बसमधला, आपल्यासारखंच घरी फ्रेंच बोललेला. ओडेटला इतकं हायसं वाटलं की तिने त्याचा गालच ओढला. टोबीने तिला सगळं दाखवलं: कॉफी बरी कुठे मिळते, कोणत्या सिनेटरशी सकाळी बोलायचं आणि कुणाशी जेवणानंतर, गठ्ठ्यातलं कोणतं पान वाचायचं आणि कोणतं सोडून द्यायचं. तो गांजाच्या मोठ्या कंपन्यांचं काम बघतो हे त्याने लपवलं नाही. पहिल्याच कॉफीला सांगून टाकलं. "चार राज्यांत दुकानं आहेत त्यांची. मला पगार तेच देतात. तुम्हाला पटेल तेच करा, बाई. मी फक्त माहिती देणार." आणि खरोखरच त्याने कधी खोटी माहिती दिली नाही. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही, जे झालं ते नीट कळावं म्हणून सांगतोय.

गांजा आमच्याकडे कायदेशीर झाला त्याला आता बरीच वर्षं झाली. दक्षिणेकडच्या शहरांत कंपन्यांची चकाचक दुकानं आहेत. पण खेड्यापाड्यांत रुग्णांसाठी थोडीथोडी रोपं लावणारे लहान परवानेदार आहेत, आणि रुग्ण ओळखीच्या माणसाकडूनच घेतात. ओडेटच्या भावाची विधवा थेल्मा सिर त्यांतलीच. नवरा लिओ गेल्यावर तिला शेत विकावं लागलं, उरली ती बटाट्याची कोठी, म्हणजे अर्धी जमिनीत गाडलेली, जाड भिंतींची, हिवाळ्यातही न गोठणारी. थेल्माने तिच्यात दिवे लावले, पंखे लावले आणि रोपं लावली. संधिवाताचे म्हातारे, केमोथेरपीने अन्न न जाणारे, झोप उडालेले, सगळे तिच्याकडे येत. त्यावर तिचं घर चालायचं. दुसरं काही नव्हतंच.

त्या हिवाळ्यात परवान्यांचं विधेयक आलं, म्हणजे गांजा कुणी आणि कुठे लावायचा याचे नवे नियम, आणि ते ओडेटच्या समितीसमोर पडलं. जाहीर सुनावणीच्या दिवशी लहान परवानेदारांनी खोली भरून टाकली. गमबूट, विणलेल्या टोप्या, हातात दुमडलेले कागद. एकेक जण उठून आपलं नाव, गाव सांगायचा आणि तीन मिनिटांत आयुष्य मांडायचा. काही रडले. सुनावणीत आधी बाजूने बोलणारे बोलतात, मग विरोधातले आणि सगळ्यात शेवटी ज्यांची भूमिका 'ना बाजूने, ना विरोधात' असते ते. टोबी नेहमी शेवटच्या रांगेतच उभा राहायचा. सगळ्यांचे घसे बसले आणि सभासदांना भूक लागली की तो यायचा, शांतपणे दोन मुद्दे सांगायचा आणि जायचा. लक्षात काय राहणार? शेवटचं बोललेलंच.

काही दिवसांनी समितीची कामकाजाची बैठक ठरली. तिच्या आदल्या दिवशी टोबी कॉफी घेऊन ओडेटच्या बाकाशी आला.

"मिशोबाई, या विधेयकात पोरांबद्दल अक्षरसुद्धा नाही. मला जरा विचित्र वाटतं."

"आहे की. शाळेपासून हजार फूट."

"शाळा झाली. पण पोरं काय फक्त शाळेतच असतात? सकाळी थांब्यावर अंधारात कोण उभं असतं? तुम्हाला मी काय सांगणार?"

ओडेटने कॉफी बाजूला ठेवली. थांब्यावर उभी असलेली मुलं हा तिचा जीव. उणे तापमानात टोपी न घालता आलेल्या पोराला ती स्वतःची टोपी द्यायची. एकदा लाल दिवे लागलेले असताना बसला ओलांडून गेलेल्या ट्रकवाल्याला तिने पुढच्या गावापर्यंत पाठलाग करून गाठलं होतं. इतके आठवडे ती समितीत गप्प बसून होती. सगळ्यांना कशाची ना कशाची माहिती होती आणि हिला नव्हती. आता पहिल्यांदाच तिच्या माहितीतला विषय निघाला होता.

"थांबे घालू या म्हणतोस?"

"मी कशाला म्हणू? तुम्ही म्हणताय. तुम्ही बोललात तर कोण नाही म्हणेल? मसुदा मी संध्याकाळपर्यंत लिहून आणतो, तुम्हाला त्रास नको."

बैठकीत परवानेदार पुन्हा बाकांवर बसले होते, पण यावेळी मुक्याने. कामकाजाच्या बैठकीत लोकांना ऐकता येतं, बोलता येत नाही. कुणा सभासदाने अध्यक्षांना सांगून एखाद्याला पुढे बोलावलं तरच त्याला तोंड उघडता येतं. ओडेट उभी राहिली आणि थांब्यांची दुरुस्ती मांडली: शाळेच्या बसचा थांबा जिथे असेल, त्याच्या हजार फुटांच्या आत गांजाची लागवड नको. अध्यक्ष सिनेटर हॉलिस ब्रॅग्डन खूश झाले. "सेंट बर्टीलच्या प्रतिनिधींनी पोरांची आठवण ठेवली, हे बरं झालं."

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर गेला. थेल्माचा. एवढ्या लांबून ती गाडी हाकत आली होती. ओडेटची आणि तिची नजरानजर झाली. ओडेटने नुसतं "अध्यक्षमहाराज, त्या बाईंना विचारू या का?" म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण नवीन आमदार, त्यात सख्खी भावजय, आणि लोक काय म्हणतील? तिने समोरचे कागद चाळायला घेतले. ब्रॅग्डन म्हणाले, "ही कामकाजाची बैठक आहे, बाई. हात खाली घ्या." दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. ओडेट बाहेर आली तेव्हा थेल्मा निघून गेली होती.

ओडेट सोमवारी आणि शुक्रवारी अजूनही बस चालवायची, बाकीचे दिवस बदली ड्रायव्हर. त्या सोमवारी रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती उभ्या होत्या. पहिलं घर आलं. तिने लाल दिवे लावले, थांबण्याची पाटी बाहेर काढली, दार उघडलं. पोर चढलं. पुढचं घर, पुन्हा दिवे, पाटी, दार. आमच्याकडे थांबे असतात कुठे? शहरात चौकाचौकाला असतात, एका कोपऱ्यावर सगळी पोरं जमतात. इकडे घरं एकमेकांपासून लांब. बस प्रत्येक घराच्या वाटेशी थांबते. प्रत्येक घर हाच थांबा.

थेल्माच्या शेजारच्या वाटेशी डफूरांच्या मुली चढल्या. ओडेटने आरशात पाहिलं. आरशात थेल्माची बटाट्याची कोठी होती, हाकेच्या अंतरावर, छतावर बर्फ. पुढच्या वळणावर दुसऱ्या परवानेदाराचं घर. त्याच्या पुढे गान्यों, ज्याने आपल्या धान्याच्या कोठारात रोपं लावली होती आणि ज्याचा नातू रोज हिच्याच बसमधून जायचा. तिने मनातल्या मनात अंतरं मोजली. शहरातल्या कंपन्यांची रोपं औद्योगिक वसाहतीत, गोदामांत. तिथे कुठलं पोर राहतं? तिथे कुठली बस थांबते? तिने लिहून घेतलेल्या एका ओळीने राज्यातल्या खेड्यांतला एकूण एक परवाना उडणार होता, आणि मोठ्यांच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. दुसऱ्या कुणाला आधी कळलं नसतं तरी चाललं असतं, पण हे तिला कळायला हवं होतं. राज्यात कुणाला कळायला हवं होतं तर तिलाच!

"बाई, दार," मागून एक पोर ओरडलं. ती दार उघडं ठेवून तशीच बसली होती.

मुलांना शाळेत सोडून ती थेट थेल्माकडे गेली. थेल्मा स्वयंपाकघरात कुट्टूच्या पिठाची धिरडी तव्यावर टाकत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"बस दारात लावलीस का? मग आता माझ्याही दारात थांबा झाला."

"थेल्मा, मला आज कळलं."

"आज? तीस वर्षं ह्या रस्त्यावर ब्रेक दाबतेस आणि तुला आज कळलं? मी हात वर केला होता, ओडेट. तुझ्याकडे बघून केला होता. ते काय मला बाथरूमला जायचं होतं म्हणून?"

"मला वाटलं, नात्यातली म्हणून लोक बोलतील…"

"आता बोलतील की. बटाट्याची कोठी रिकामी झाल्यावर बोलतील." थेल्माने धिरडं ताटलीत आपटलं आणि लोण्याची वाटी तिच्याकडे सरकवली, कारण राग असला तरी आमच्याकडे आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. मग ती खुर्चीत बसली आणि तिचा आवाज उतरला. "मार्चमध्ये परवाना नवा करायचा असतो. तुझा कायदा झाला तर मला नवा मिळणार नाही. मग मी काय करू, सांग. ह्या वयात वॉलमार्टच्या दुकानात नोकरी धरून दारात येणाऱ्यांना नमस्कार करू?"

ओडेटने ताटली बाजूला सारली. "उद्या सभागृहात मतदान आहे. मीच मांडली, मीच पाडते."

"पाड बाई. मी इथे बसून फोनवर ऐकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोबीला शोधत गेली. तो सभागृहाच्या काचेच्या दाराशी उभा होता. सगळे लॉबीवाले तिथेच उभे असतात, आत जायला त्यांना मनाई.

"टोबी, तुला माहीत होतं."

त्याने नाटक केलं नाही. "माहीत होतं."

"माझ्याच बसमधून गेलास तू. तुझ्या आईच्या पायरीसमोर थांबायची मी."

"म्हणून तर माहीत होतं, बाई." तो तिला खिडकीपाशी घेऊन गेला आणि हळू आवाजात बोलू लागला. "ऐका. विरोधात बोलू नका. तुमचंच हसं होईल. थेल्माबाईंची सोय मी करतो. जुन्या बटाट्याच्या कोठीत लागवड असेल तर हा नियम लागू नाही, असं एक वाक्य पुढे वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, घालता येईल. ब्रॅग्डनशी माझं बोलणं झालंय. सगळ्या राज्यात लागवड असलेली अशी कोठी एकच आहे. त्यांना कोणी हात लावणार नाही. तुम्ही फक्त आज खाली बसून राहा."

ओडेटने खिडकीचा कठडा धरला. खाली गाड्यांच्या रांगा, वितळलेल्या बर्फाचा चिखल. थेल्माचं घर वाचत होतं. त्यासाठी काही करायचंही नव्हतं, खाली बसून राहायचं होतं. तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं. खरंच आलं होतं.

"आणि गान्यों? बाकीचे?"

"सगळ्यांचं तुम्ही कुठे बघत बसणार?"

"बोलणं झालंय म्हणालास. कधी?"

"बैठकीच्याच दिवशी. थेल्माबाईंनी हात वर केला तेव्हाच मला वाटलं, तुम्ही येणार माझ्याकडे."

म्हणजे तो हात यानेही पाहिला होता. ती ज्या हाताकडे न बघता कागद चाळत होती, त्याची किंमत याने तिथल्या तिथे ठरवून टाकली होती. ओडेटला आधी स्वतःची लाज वाटली आणि मग असा संताप आला की तिचा आवाज बसमधला झाला. "टोबी गेरेट, वाटेतून बाजूला हो."

तो बाजूला झाला. अगदी अदबीने.

सभागृहात तिची पाळी आली तेव्हा दुपार झाली होती. निम्मी बाकं रिकामी होती. चर्चा चालू असताना सभासद बाहेर कॉरिडॉरमध्ये असतात, कुणी फोनवर, कुणी डोनट खात. मतदानाची घंटा वाजली की सगळे धावत येतात. ओडेटला हे ठाऊक होतं, पण आज तिला ती रिकामी बाकं भयंकर वाटली. शेजारच्या बाकावरचा एल्डन स्प्राग, किनाऱ्याकडचा शेवंडवाला, तिला रोज सकाळी पेपरमिंटची गोळी देणारा, तोही जागेवर नव्हता.

ती उभी राहिली. तिने माईक जवळ ओढला. "सभापतीमहोदय, ही दुरुस्ती माझ्या नावाने आहे आणि ती चूक आहे. मी बस चालवते. आमच्याकडे बस प्रत्येक घराशी थांबते. हा नियम झाला तर खेड्यात एकाही माणसाला लागवड करता येणार नाही. मला हे कळायला हवं होतं, कळलं नाही. मुलांसाठी म्हणून मी हे मांडलं, पण याने मुलांचं काही भलं होत नाही. त्यांच्या आयाबापांची रोजीरोटी जाते. माझी विनंती आहे, माझी दुरुस्ती पाडा."

जे थोडे बसले होते त्यांतल्या दोघाचौघांनी माना वर केल्या. कोपऱ्यातल्या एका शिक्षिकेने तिच्याकडे बघून मान हलवली. ओडेटला क्षणभर वाटलं, होईल. नक्की होईल. हे इतकं सरळ आहे!

सभापतींनी प्रश्न वाचला: सेंट बर्टीलच्या प्रतिनिधी मिशो यांची दुरुस्ती स्वीकारावी का? हो म्हणणाऱ्यांनी हिरवं बटण दाबावं, नाही म्हणणाऱ्यांनी लाल. मग घंटा वाजली.

काचेचं दार उघडलं आणि सभासद आत घुसले, तोंडात घास, हातात कप. ओडेट दाराकडे बघत होती. टोबी दाराबाहेर उभा होता. त्याने कुणाचा हात धरला नाही, कुणाला अडवलं नाही. आत येणारे विचारत होते, "काय आहे?" आणि तो हसून दोन शब्द सांगत होता. इतक्या लांबून ते शब्द तिला ऐकू आले नाहीत. आत येऊन लोक तिच्याकडे बघून अंगठा दाखवत होते. ती मान हलवत होती, नाही, नाही. त्यांना ते विनयासारखं वाटत असावं.

समोरच्या मोठ्या फलकावर नावांपुढे दिवे लागू लागले. तिने स्वतःचं बटण दाबलं. लाल. शिक्षिकेचं लाल. उत्तरेकडच्या आणखी दोघांचं लाल. बाकी सगळं हिरवं होत गेलं, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, जसा एप्रिलमध्ये आमचा माळ हिरवा होतो. सभापतींचा हातोडा पडला. दुरुस्ती स्वीकारली गेली. पुढचं विधेयक.

एल्डन स्प्राग धापा टाकत तिच्याशेजारी बसला, खिशातून पेपरमिंट काढली आणि दुसरा हात तिच्यापुढे केला. "अभिनंदन, ओडेट! पहिलीच दुरुस्ती आणि काय दणक्यात झाली!"

ओडेटने त्याचा हात घेतला नाही. "मी विरोधात बोलले, एल्डन."

"कशाच्या?"

"ह्याच्याच."

त्याने फलकाकडे पाहिलं. तिच्या नावापुढचा लाल दिवा त्याला सापडायला वेळ लागला. मग त्याचा उन्हावाऱ्यात रापलेला चेहरा उतरला.

"पण टोबी म्हणाला, मिशोबाईंची आहे…" त्याने गोळी पुन्हा खिशात ठेवली. "आम्ही सगळ्यांनी तुझ्यासाठीच दाबलं गं. तुझं नाव ऐकून."